धुरा

भिवापूर रोडला उमाठ्यांच्या सत्तावीस एकरांवर
मी ड्रोन उडवतो. दहा मिनिटांत एकर.
पऱ्हाटीची पानं वाऱ्यानं उलटतात,
पांढुरकी दिसतात, मग पुन्हा हिरवी.

स्क्रीनवर शेत म्हणजे निळी चौकट,
बाहेरचं सगळं राखाडी.
राखाडीत बेबीनंदा निकोसेचं दीड एकर, मिरचीचं.

ती धुऱ्यावर येते, पदर नाकाला लावून.
"माह्याकडं कवा आणतं रे हे पाखरू?"
पाच एकरांखाली बुकिंग होत नाही, मी सांगतो.
"मंग वारं तरी आवर बाप्पा.
मागच्या खेपेला दोन तासं मिरची जळली,
त्याचं बुकिंग म्या कुठं केलं होतं?"

वाऱ्याची दिशा ॲप दाखवतं.
मी पाहिली नव्हती, असं नाही.

बॅटरी उतरते. ड्रोन धुऱ्यावरून
शिस्तीत वळतो.

घरी बाप विचारतो, किती झालं?
अकरा एकर.
चौदा हंगाम त्यानं उमाठ्यांकडेच
पाठीवर पंप घेऊन फवारलं.
तो बोटांवर दिवस मोजू लागतो,
एका हाताची बोटं संपतात,
दुसऱ्या हातावर येऊन थांबतो.

मग उठून कोरडाच पंप धुतो,
आणि उन्हात उलटा ठेवतो, वाळायला.