माप पुन्हा घेत नाहीत

बत्तीस चनिये, चारशे पन्नासने, चौदा हजार चारशे.
दोन हजार आगाऊ आले होते,
म्हणजे दावा बारा हजार चारशेचा.
लघुवाद न्यायालय असं नावच आहे त्याचं.
रक्कम तोंडाने सांगतानासुद्धा
आवाज जरा खाली घ्यावासा वाटायचा.

कोर्ट आता सुरसागराजवळ नाही, दिवाळीपुऱ्यात गेलंय.
दांडिया बाजारातून रिक्षा जाऊन-येऊन दीडशे,
तारखा अकरा.
(हा हिशेब माझ्या वहीत आहे. कोर्टाला तो लागला नाही.)

साहेब वाईट नव्हते. पाणी प्या म्हणाले.
मग म्हणाले, माल पोचल्याची सही?
सही कुठली.
घटस्थापनेच्या आदल्या रात्री अकराला
मंडळाचा भाविन रोकडिया स्कूटरवर आला,
एक गाठोडं पायांत, एक मागे,
आणि वळताना म्हणाला, मासी, पैसा सवारे.
त्या सकाळीला दोन वर्षं झाली.
निकालात एवढंच आलं:
माल दिल्याचे सिद्ध होत नाही.

वर जाऊ, मी म्हटलं.
जिगीषाबेन, चष्मा डोक्यावर ठेवून
टेबलावर शोधणाऱ्या आमच्या वकीलबेन,
म्हणाल्या, यात अपील नाही. रिव्हिजन आहे.
अहमदाबादला, हायकोर्टात, नव्वद दिवसांत.
आधी निकालाची नक्कल हवी.
नक्कल तर मी घरी केव्हाच केली होती,
साहेबांच्याच आवाजात, सिद्ध होत नाही,
भाचा हसून कातरणांच्या ढिगात पडला.

नक्कल यायला सतरा दिवस गेले.
ते नव्वदात धरत नाहीत, बेन म्हणाल्या.
हे मला आवडलं.
वाट बघण्याचे दिवस कुणी वजा करून दिलेत
असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग समोरचा पानवाला रमणीक सुरतेहून परतला.
गाठोडी बांधायला सुतळी त्यानेच दिली होती.
येतो म्हणाला साक्षीला, कुठेही येतो.
मी धावत बेनकडे. त्या हळूच म्हणाल्या,
आता नाही चालणार.
इथे जे कागदावर आलं तेवढंच वर जातं.
तुम्ही चनिये दिलेत का, हे तिथे कुणी विचारणार नाही.
निकाल कायद्याप्रमाणे दिला का, एवढं बघतील.

मला लगेच कळलं.
माप पुन्हा घेत नाहीत.
गिऱ्हाईक समोर उभंच करत नाहीत.
कपडा उलटा करून शिवण बघतात,
टाका सुटलाय का, दोरा ओढला गेलाय का.
अंगाला बसत नाही, ही तक्रार खालीच राहते.
निकाल मी भाच्याकडून तीनदा वाचून घेतला.
शिवण तशी सरळ होती.

या नवरात्रात पाचव्या रात्री मैदानावर गेले.
जायचं नव्हतं, गेले.
आणि तिथे ते फिरत होते,
जांभळे, खाली मोहरी रंगाची पट्टी, माझी दुहेरी टीप,
मोजले तर एकोणतीस, तिघी आल्या नसतील.
सगळा पुरावा टाळ्या देत गोल जात होता
आणि कागदावर त्यातला एक घेरही नव्हता.

एकीचा पाय काठात अडकला. उसवलं.
मी खाली बसले, पदराची पिन काढून लावली.
म्हटलं, फोन पडेल, खिशात टाक.
कसला खिसा?
डावीकडे, नाडीच्या खाली, आतून.
तो ठरलेला नव्हता. मीच जोडला होता,
पैसे लावले नव्हते.
तिचा हात आत गेला आणि तिथेच थांबला.
दोन वर्षं घालत होती, तिला माहीतच नव्हता.
मासी, तमने केवी रीते खबर?

ढोल वाढला, तिला ओढून नेलं कुणीतरी.
घरी येऊन वहीत लिहिलं:
सतरा वजा जाता बाकी एकवीस दिवस.
अहमदाबाद बस, जाऊन-येऊन, विचारणे.
पिन एक, परत आली नाही.