एकाच पंपाचे

गुदैबियात, शवर्माच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं क्लिनिक.
एसी इतका, की हातमोज्यांत बोटं सुन्न होतात.
माझ्या हातात सोळा खोट्या दातांची पट्टी.
लोक आरशात बघून ठरलेल्याच दातावर बोट ठेवतात:
हा. सगळ्यात पांढरा. गुरुवारी साखरपुडा आहे.

आज चार वाजता जो आला
त्यानं नाव सांगतानाही हात तोंडापुढे धरला.
तो हात मी ओळखते.
आमच्याकडे शाळेच्या फोटोत चाळीस पोरं असतात
आणि दात एकही नसतो.

विलास टेकाम, वय एकोणतीस, सोन्याचं दुकान.
मागच्या खोलीतून काउंटरवर घेणारेत,
हसता आलं तर.

चहा? सिगारेट? डॉक्टर हनाननी विचारलं.
गालांत प्लास्टिकची चौकट, ओठ मागे ओढलेले,
तो नुसतीच मान हलवत राहिला.
मी मास्कच्या आतून हळूच,
"कोन्या गावचे?"
केशरी चष्म्यामागचे डोळे उठून बसले.

पांढरकवडा? नाही.
मारेगाव? नाही.
पाटणकडले?
पापण्या मिटल्या, उघडल्या.
"शाळेमागचा हातपंप? लाल रंग देल्ला तो?"
रंग फार उशिरा दिला.
तोवर आमचे दुसरे दात येऊन गेले होते.

निळा दिवा. पंधरा मिनिटं.
जेल पुसायचं, नवं लावायचं, पुन्हा पंधरा.
चुन्यासारखे ठिपके होते ते आणखीच उजळले,
मधली तपकिरी रेघ जागची हलली नाही.
डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या, हा वरून चढलेला नाही,
दात घडतानाच आत बसलाय,
फिका होईल, जाणार नाही, त्याला नीट समजावून सांग.

मी सांगितलं,
"पान्याचं हाये, भाऊ."
त्याला समजलं.

दोन दिवस चहा नको, हळद नको, तिखटाचा रस्सा नको.
चौकट काढल्यावर त्याचं पहिलं वाक्य:
"मंग खाऊ काय, खडू?"
आणि हसला, आणि हात वर गेला.

पस्तीस दिनार.
मी पावतीवर स्टाफच्या नातेवाइकांची सूट लिहिली.
मॅरिसेलनं काउंटरवरून मान वर केली:
कोण लागतो तुझा?

मी मास्क खाली ओढला.

तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं,
आणि शिक्का मारला.