काठ आत वळवताना

मस्कतला नक्की काय करता, सासऱ्यांनी फोनवर विचारलं.
म्हटलं, पीपीएफचं काम.
ते खूश. पोस्टातलं का बँकेतलं?
पंधरा वर्षं हात लावायचा नाही, म्हणाले,
तेच त्यातलं चांगलं.
मी लगेच नाही सांगितलं
की हे प्लॅस्टिक आहे, गाडीच्या रंगावर चढवायचं,
आणि दहा वर्षांची हमी असते
गाडी सावलीत ठेवली तर.
इथे सावली कुठे असते ते कंपनीलाच माहीत.

घलामध्ये आमचं दुकान, एका बाजूला टायरवाला,
दुसऱ्या बाजूला पत्रा ठोकणारा अस्लम, म्हणजे
कानाला सुट्टी फक्त शुक्रवारी.
भिंतीवर नमुने. चकचकीत, मॅट, मधलीच एक साटीन,
आणि एक काळी, जी कोणीच घेत नाही.
गिऱ्हाईक नखाने नमुना ओरखडतं,
मी वरून गरम पाणी ओततो,
ओरखडा बघता बघता मिटतो.
इथे भलेभले गप्प होतात.
एक डॉक्टरीण म्हणाली होती, परत दाखवा.
तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी किटली तिच्याच हातात दिली.

मला विचाराल तर,
रोज सोहारच्या रस्त्याने खडीच्या ट्रकमागून जात असाल
तर बॉनेट, बंपर, आरसे, एवढ्याला जाड घ्या.
घर ते ऑफिस असेल तर कशाला?
काचांना बरी लावा, ऊन अडवणारी,
उरलेल्या पैशात बायकोला गावाला पाठवा.
स्वस्तातली दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी पडते,
लग्नपत्रिकेच्या हळद लावलेल्या कोपऱ्यासारखी.
हे मी मालक चहाला गेले की बोलतो.

खल्फान आला तेव्हाही ते चहालाच होते.
समाइलचा म्हातारा, हिंदी आमच्या शाजीपेक्षा बरी,
गाडी अठ्ठ्याण्णवची पिकअप, मातकट.
म्हणाला, फक्त हा दरवाजा.
डाव्या दरवाज्यावर खिळ्याने ओढलेल्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या,
हँडलपासून खाली गंजापर्यंत.
म्हटलं, चाचा, आधी हे घासून रंग मारू, मग फिल्म.
त्याने माझा हात धरला.
खजुराच्या गोण्या आहेत त्या, भावाने मोजलेल्या.
तो म्हणतो एकशे बारा, मी म्हणतो एकशे सात.
बाग वाटली, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले,
एवढंच राहिलंय.
किती वर्षं झाली?
त्याने बोटं मोजली, मग सोडून दिलं.

भाऊबंदकीला अरबीत काय म्हणतात, मला ठाऊक नाही.
विचारलंही नाही. देवरुखच्या घराच्या
सातबाऱ्यावर आमची पाच नावं आहेत.

त्याने तीनदा विचारलं, ती गरम पाण्याची जादू
याच्यावर नाही ना चालणार?
नाही चाचा. फिल्म स्वतःवरचं मिटवते.
खालचं आहे तसं राहतं.
धूळ निघेपर्यंत धुतलं, साबणाचं पाणी मारलं,
फिल्म तरंगत ठेवली, मधून बाहेर पाणी काढत गेलो.
गंजापाशी हात हलका.
काठ दरवाज्याच्या आत वळवताना गरम हवा द्यावी लागते,
थोडी कमी पडली तर उचलतो, थोडी जास्त तर जळतो.
एवढ्यावर माझा पगार आहे.
एक वाळूचा कण राहिला, नेमका दोन रेघांच्या मधे.
काढू का? सगळं परत उचलावं लागेल.
तो वाकून बघत राहिला.
भाऊ ही पण मोजेल, म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.
राहू दे.
वीस रियाल झाले. बारा दिले,
आठ पुढच्या गुरुवारी.
मी वहीत लिहून त्याला दाखवलं. त्याने सही केली.

रात्री सासऱ्यांना खरं ते सांगितलं,
प्लॅस्टिक, ऊन, दहा वर्षं, सगळं.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, बरं.
आणि यात नॉमिनी कोण असतो?