रूप सोसण्याचं

पहाटे सहाला आपापली मेणबत्ती घेऊन जायचं,
चरबीची; वास आमच्या कातडी कमावायच्या खड्ड्याहून बरा.
उंबरठ्यावर इंग्रजी काढून ठेवायची
चिखलाचे जोडे काढावेत तशी.
आत फक्त लॅटिन.
जाइल्स पॉवी, आमच्यातलाच एक,
मागच्या बाकावर बसून टिपून घ्यायचा
कोण कुठल्या भाषेत शिंकला.
शनिवारी मास्तर यादी वाचत.
बर्चच्या फोकाचा आवाज वाचण्याआधीच यायचा.

एल्काना विदर्स त्यांचं नाव.
एक खांदा उतरलेला, नखांत ओकच्या गाठींची शाई.
लॅटिनचं व्याकरणही लॅटिनमध्येच लिहिलेलं,
म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.
आम्ही घोकायचो. अर्थ मागून येतो, म्हणत.
काहींना आला.
मला वाट बघायची सवय झाली.

त्या फेब्रुवारीत बर्फ पातळ होतं.
धाकटा लँबर्ट गिरणीच्या तळ्यावर
घसरत घसरत गेला, आणि मग नुसताच गेला.
मी शाळेकडे पळालो, शाळा जवळ होती म्हणून.
दारात उभा राहिलो.
बर्फ: पाचवा गण, स्त्रीलिंगी.
भाऊ: तिसरा गण, पुल्लिंगी, इथे द्वितीया.
क्रियापद सापडेना.
किती श्वास गेले त्यात
तेव्हा मोजले नाहीत. नंतर मोजले.
अजून मोजतो.

मग मी आईच्या भाषेत ओरडलो.

मास्तर टोपीशिवाय धावले,
खिडकी ढकलायची लांब काठी घेऊन.
छातीपर्यंत पाण्यात उतरले.
बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीचं काचेचं झालं होतं
आणि हातात लँबर्ट होता, जड.

शनिवारी जाइल्सच्या यादीत माझं नाव होतं.
पोरगा इमानी, त्याचा दोष नाही.
मास्तर माझ्या नावापाशी थांबले, पुढे गेले,
परत मागे आले.
कागद मेणबत्तीवर धरला असता
तर सांगायला गोष्ट बरी झाली असती.
त्यांनी तो दुमडून खिशात घातला
आणि दुसऱ्या गणाची रूपं म्हणायला लावली.

पुढची अकरा वर्षं त्यांच्या खिडकीत उजेड असायचा.
लॅटिनचं व्याकरण, साध्या इंग्रजीत.
पाद्रीबुवांनी नाक मुरडलं:
चांदीचा पेला गोणपाटात बांधायचा म्हणजे!
उदाहरणांत सेनापती नाहीत, वेढे नाहीत.
गिरणीवाल्याचा घोडा तहानला आहे.
विधवा गार्थ माझी दोन अंडी देणं लागते.

छापायला पाठवण्याआधी मला बोलावलं.
मी तोवर बापाच्या खड्ड्यांचा मालक,
हात कोपरापर्यंत तपकिरी.
एक पान पुढे सरकवलं.
क्रियापदांची एक जात असते, त्यात लिहिलेलं,
रूप सोसणाऱ्याचं, अर्थ करणाऱ्याचा.
बोलणं तसं. मागोमाग जाणं तसं.
खाली उदाहरण:
पुएर मोरितुर. मुलगा मरतो.
"चालेल?" मास्तरांनी विचारलं. मला.
मी मान हलवली. बाहेर येऊन भिंत धरली.

पुस्तक लंडनहून आलं, बांधणी उसवलेली.
पान एकसष्ट मी उभ्याउभ्याच उघडलं.
पुएर नास्कितुर. मुलगा जन्मतो.
खिळे जुळवणाऱ्याची नजर
एक ओळ खाली घसरली असणार;
तेही क्रियापद त्याच जातीचं.
शेवटी शुद्धिपत्र, बावीस चुका.
पान नऊवरचा स्वल्पविराम होता,
चाळीसवरचं उलटं पडलेलं अक्षर होतं.
एकसष्ट नव्हतं.
आणि मास्तरांच्या डोळ्यांतून तर
माशीचा ठिपकासुद्धा सुटत नसे.

विचारायला गेलो तेव्हा
ते परसात सफरचंदाच्या झाडाला टेकू देत होते.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"नियम दोन्हींना सारखाच लागतो,"
आणि सुतळी मागितली.
मी दिली. गाठही मीच मारली,
त्यांची बोटं आता वळत नव्हती.