दीड बोट माया

मंगळबाजारात कटपीस वजनावर मिळतात.
मोहरी मागावी तसं मी पाव किलो कापड मागितलं.
"शुं बनाववानुं छे, भाई?"
एप्रन, म्हटलं. मुलीला. पाच वर्षांची आहे,
रंगकामाच्या तासाला लागतो.
त्यानं ढिगाच्या तळातून हळदी रंगाचं ड्रिल ओढलं,
जाड, खरखरीत, काठावर गिरणीचा अर्धा शिक्का.

चिठ्ठीत लिहिलं होतं: सोमवारपासून सक्तीचा.
तिची आई अंकलेश्वरला, शनिवारी रात्री येते.
मी खताच्या कारखान्यात फिटर,
मायक्रोमीटर लावून शाफ्ट मोजणारा.
मुलगी मात्र मोजता येईना:
टेप लागला की गुदगुल्या,
छाती एकदा बावीस भरली, एकदा सव्वीस.
शेवटी शाल्मलीला फरशीवर झोपवलं
शिळ्या गुजराती पेपरावर,
बाजारभाव आणि बेसण्याच्या जाहिरातींवर,
आणि खडू घेऊन तिच्याभोवती फिरलो.
उठून पळाली तरी ती तिथे होतीच,
एक हात वर,
जणू बाईंना उत्तर येतंय.

मशीन खालच्या कोकिलाबेनचं.
मी आणि त्यांच्या जिग्नेशनं उचलून वर आणलं,
तेव्हापासून त्या जिन्यातून ओरडत होत्या,
"दाब राखजो! बे आंगळीनो दाब!"
दाब मला ठाऊक आहे तो वाफेचा,
काटा लाल रेषेच्या अलीकडे ठेवायचा तो.
बऱ्याच वेळानं आठवलं,
आपल्यात त्याला माया म्हणतात.
शिवणीच्या आत दडवलेलं कापड,
बाहेरून दिसत नाही,
मूल वाढलं की उसवून सोडायचं.
दोन बोटं पुरेना कापड.
दीड ठेवली.

गळ्याला पट्टी, कमरेला दोन नाड्या.
खिसा तीनदा उसवला,
कारण त्यात ब्रश मावायला हवा होता
आणि आणखी एक वस्तू, जी ती सांगणार नव्हती.
बॉबिनखाली दोऱ्याचा लीला चिवडा.
साडेअकराला सुई बोटात गेली.
बोट तोंडात धरून पाहिलं तर
खिशाच्या आतल्या बाजूला एक थेंब.
साबण लावला, चोळला,
तपकिरी ठिपका राहिलाच.
आतली बाजू आहे, म्हटलं. कोण बघतंय.

सोमवारी पाळीवरून आलो.
एप्रन दप्तरात, चार घड्यांचा,
माझ्या इस्त्रीची रेघ जशीच्या तशी.
फ्रॉक मात्र गळ्यापर्यंत निळा,
कोपराला हिरवं, कानामागे लाल.
"घातलाच नाहीस?"
"खराब झाला असता ना."
ज्या आवाजात मी नव्या स्कूटरबद्दल बोलतो
अगदी त्याच आवाजात.

काय बोलणार.
खिसा उलटा केला, दाखवला.
"हे बघ. खराब आहेच. आधीपासून."
तिनं नाक टेकवून पाहिलं. वासही घेतला.
"हा कुठला रंग?"
"माझा."
"डब्यात नाहीये हा."
"नाही."
"दुखलं?"
"थोडं."

मग तिनं एप्रन घातला, उलटा,
गाठ पोटावर, खिसा पाठीवर,
मागे हात पोचत नाही म्हणून.
मी तो फिरवून बांधला, फार घट्ट नाही,
आणि ती डबा घेऊन बसली
माझा रंग बनवायला.
लालात हिरवा. मग पिवळा. मग पुन्हा लाल,
पाणी जास्त झालं, बशीत चिखल,
"नाही होत आहे," असं स्वतःलाच म्हणत
तिनं न बघता हात पुसला,
पोटावर, पाचही बोटं.

मी फ्रॉक भिजत घालायला उठलो.