बिनरंगी शिपाई आधी मरतो

असं कौको म्हणतो,
आणि तीन हिवाळे मी त्याला खोटं पाडू शकलो नाही.
डेपोतल्या कॉफीच्या खोलीत, गुरुवारी,
बर्फ लोटणारे ट्रक बाहेर घुरघुरत तापत असताना
टेबलावर सगळ्यांची माणसं रंगीत.
माझा एकटा भालाईत प्लॅस्टिकच्याच कातडीचा,
दोन पेरांएवढा,
फासा पडला की पहिला आडवा.

म्हणून आज पाळी संपल्यावर, झोपेच्या आधी
औलू स्टेशनमागच्या त्या दुकानात गेलो.
काउंटरवर ऐनिक्की. वय माझ्या बुटांएवढं असेल.
म्हणाली, कुठलं सैन्य?
म्हटलं, सैन्य नाही. एकच माणूस आहे.
ती हसली नाही. बरं वाटलं.

मी सगळ्यात बारीक ब्रश उचलला, तीन शून्यांचा.
डोळे काढायचे तर केसभरच लागणार ना?
तिनं तो माझ्या हातून काढून घेतला
आणि दिला एक नंबर.
"टोक बघा, पण पोटही बघा.
पोटात रंग नसेल
तर डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो."
मग पाण्यात बुडवून मनगटाला एक झटका,
आणि सेबलचे विस्कटलेले केस
कुणी नावानं हाक मारल्यासारखे एका टोकाशी आले.
एकोणीस युरो.
एवढ्यात लोकरी मोज्यांचे दोन जोड येतात.
घेतला.

प्रायमर तीन.
पांढरा म्हणे लाल-पिवळ्याला बरा, रंग उजळतात.
नको बाई, म्हटलं, पांढरं मी
रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ढकलतो,
घरी निघेपर्यंत ते परत आलेलं असतं.
काळा चुका झाकतो.
खोबणीत ब्रश पोचला नाही
तर लोक सावली समजून सोडून देतात.
पण काळं आमच्याकडे दुपारी तीनला फुकट मिळतं.
राहिला राखाडी.
तीन वर्षं राखाडी असलेल्या माणसाला
पैसे मोजून राखाडी करायचं!
"ते नुसतं प्लॅस्टिक," ऐनिक्की म्हणाली,
"हा रंगाला धरून ठेवतो."

रंग पाचच घेतले.
लोखंडी, मातकट, कातडीचा, गंजासाठी नारिंगी,
आणि एक निळा,
डिसेंबरात अकराच्या सुमारास
बर्फावर दहा मिनिटं उतरतो, तो.
बाटलीवर त्याला कुठल्याशा राक्षसाचं नाव होतं.
ताकाएवढा पातळ करा, ती म्हणाली, दोन हात द्या,
घाई केलीत तर चेहरा बुजतो.

घरी उणे एकवीस.
अशा थंडीत फवारा हवेतच रवाळ होतो.
म्हणून डबा कोमट पाण्याच्या बादलीत,
भालाईत बाटलीच्या बुचावर चिकटवलेला,
आणि आम्ही दोघं सौनात,
चूल कधीच विझलेली, भिंतींत ऊब उरलेली, दार सताड उघडं.
राइली स्वयंपाकघरातून ओरडली, लाकडाला वास लागेल.
लागला.

माझे हात दोन टनांचं पातं
फुटपाथच्या कडेपासून बोटभर अंतरावर नेतात,
डोळे मिटूनसुद्धा नेतील.
इथे बोटभर म्हणजे अख्खा माणूस.
मनगट टेबलाला टेकवलं, श्वास सोडला, थांबलो.
डावा डोळा जमला.
उजवा कानाकडे गेला.
पुसायला पाणी घेतलंही होतं.
मग म्हटलं राहू दे,
हाही रात्रपाळीचाच.

गुरुवारी फासा पडला, एक.
पहिल्याच फेरीत.
कौको काही बोलला नाही.
पडलेल्याला उचलून दिव्याखाली धरलं,
निळ्यावरनं अंगठा फिरवणार होता, फिरवला नाही.
"हा असा उजवीकडे काय बघतो?"

आरसा, म्हटलं.