धार

थंडर बे. सप्टेंबर संपत आलेला.
रिंकच्या तळघरात माझं यंत्र, वर एक पिवळा दिवा,
आणि जळक्या लोखंडाचा वास,
जो एकतीस वर्षांत माझ्या जेवणाच्या डब्यातही शिरलाय.

मुलांना मी चेहऱ्यांवरून ओळखत नाही,
पात्यांवरून ओळखतो.
गोल करायला धावणाऱ्यांची पाती पुढे झिजतात.
बचाववाल्यांची वेगळी,
कारण त्यांचं अर्धं आयुष्य उलटं जातं:
तोंड येणाऱ्याकडे, पाठ आपल्या जाळ्याकडे,
आणि मागे काय आहे
ते मान न वळवता कळायला हवं.

सहा जागा भरलेल्या.
करारवाल्या, दात पडलेल्या, मुलंबाळं असलेल्या माणसांनी.
उरली सातवी.
तिच्यासाठी अकरा जण आले, दोन आठवड्यांत तीन राहिले.

अडुसष्ट नंबर, यालमारी, औलूचा.
पक त्याच्या स्टिकशी लाडात यायचा,
पण समोरून फटका आला की
त्याचे डोळे क्षणभर मिटायचे. तेवढंच.
मंगळवारी त्याला वर बोलावलं.
खाली येऊन त्याने मला एकच विचारलं:
विमानात पाती चालतात का?

चौऱ्याहत्तर, वेस्ली ओकिमाव, नॉर्वे हाउसचा.
उघड्या तळ्यावर शिकलेला.
बंद छताखालीही अजून वाऱ्याचा अंदाज घेतो,
मग हसतो स्वतःशीच.

एक्क्याऐंशी, एमेरिक ग्राँमेझों.
क्वेबेकच्या गोठ्यातला पोरगा,
पहाटे चारला जागा होतो, इथेही, गाई नसताना.
माझा बापही धारा काढायचा, मी त्याला म्हटलं,
बावीस गाईंच्या. मी इथे पोलादाच्या काढतो.
तो म्हणाला, पोलाद लाथ तरी मारत नाही.
मारतं रे, मी म्हणालो. वेळ आली की मारतं.

गुरुवारच्या सामन्यात, शेवटच्या चार मिनिटांत
वेस्लीने फटका हातावर झेलला.
उठला. तिथेच उभा राहिला.
बदली खेळाडू येईपर्यंत एका हाताने स्टिक धरून
त्याने दोन माणसं भिंतीशी दाबून ठेवली.
नंतर हातमोजा कात्रीने कापावा लागला.

साडेनऊला मॅनेजर खाली आला.
चिठ्ठी दिली: कुठली नावाची पट्टी उसवायची,
कुठली पक्की शिवायची.
मी ती वाचली, घडी घालून
यंत्राच्या तेलकट खणात टाकली.

दहाला एमेरिक आला. खांद्यावर दोन जोड.
एक त्याचा.
दुसरा वेस्लीचा. त्याला नाड्या सोडता येईनात,
मीच सोडल्या, म्हणाला,
सकाळी सराव आहे ना आमचा.

आमचा.

दगड फिरू लागला. ठिणग्या नेहमीसारख्या,
त्यांना काय कुणाचा जोड.
मला माहीत होतं, यातल्या एका जोडाला
उद्या बर्फ लागणार नाही.
तरी मी चार वेळा फिरवलं,
दोन्ही कडा सारख्या आल्यात का, नाणं ठेवून पाहिलं.
कुठला जोड जास्त वेळ हातात राहिला, मी सांगणार नाही.
बहुतेक मला स्वतःलाही सांगायचं नाही.

माझ्या जरा खोल कर, एमेरिक म्हणाला,
वळताना घसरतोय मी.
वळताना तो घसरत नव्हता.
पण मी केली. खोल.

त्याने अंगठ्याचं नख पात्यावरून आडवं ओढलं.
पांढरी किसासारखी वळी निघाली.
फुंकर मारून उडवली.
वेस्लीचं पातंही तसंच तपासलं,
त्याच नखाने.

झकास, तो म्हणाला,
आणि दिव्याखाली थोडा वेळ नुसताच उभा राहिला,
जसं काही विचारायचं राहिलंय.
मी पुसायचं फडकं शोधू लागलो.
ते माझ्या हातातच होतं.